मेणाचा पाय

आयने मेणाचा पाय धाडला
नंदाखालच्या मार्शलच्या बॅगेतून,
सुकेळी आणि बोंबलांच्या मधे,
जुन्या लाल लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून.
नुसता गुडघा मिळत नाही म्हणे,
जत्रेतला माणूस अख्खा पायच विकतो.
म्हणून तिने गुडघ्याभोवती
लाल बॉलपेनने वर्तुळ काढलेलं,
उगाच माउलीचा घोटाळा नको.
"डावा आहे. नीट बघून ठेव.
इकडच्या सगळ्या आयांना सांगून झालं,
तुझ्या तिकडच्या आयकडे
गर्दी कमी असेल."

मी पाइपांची जाडी मोजतो,
अहमदीजवळ, रिफायनरीत, बारा वर्षं.
प्रोब टेकवला की आकडा येतो.
सात पॉइंट दोन. सहा पॉइंट नऊ.
आत गंज किती, आयुष्य किती उरलं,
सगळं मिलिमीटरमध्ये.
आकडा आला नाही तर मी सही करत नाही.

पाय गाडीत राहिला, डॅशबोर्डवर.
मुद्दाम नाही.
(मुद्दाम नाही, हे मी स्वतःला
तीनदा सांगून झालंय.)
जुलैचा बुधवार, पार्किंगला सावली नाही,
दुपारी दोनला एकोणपन्नास.
संध्याकाळी दार उघडलं
तर गाडीत चर्चचा वास भरलेला.
टाच, घोटा, बोटं, वर्तुळ
एसीच्या जाळीत उतरून बसलेलं.
पुट्टीच्या पात्याने खरवडलं.
हातात आला एक गोळा,
पोटात लाल रेघ असलेला.

इथे शुक्रवारीच रविवार असतो.
भिंतीच्या आत अंगण, अंगणात मंडप,
लांबवर फ्लेअरची ज्योत,
तिच्यापुढे कुणी गुडघे टेकत नाही.
मेणबत्त्या पेटण्याआधीच माना टाकतात
म्हणून मंडपात कूलर लावलेत,
आणि कूलरचा वारा मेणबत्त्या विझवतो.
लंकेचा आंतोन दिवसभर
एकदा कूलर बंद करतो,
एकदा चालू.

रांगेत माझ्यापुढे कोचुत्रेसा,
रात्रपाळीहून थेट, पायात हॉस्पिटलचेच क्रॉक्स.
तिच्यापुढे लिगाया,
महिन्यातून एकच शुक्रवार सुटणारी.
बाहेर मालकिणीचा ड्रायव्हर घड्याळ बघत उभा.
तिने मूर्तीच्या पायांवर कपाळ टेकलं
आणि बराच वेळ उचललंच नाही.
मागे कुणी खाकरलंसुद्धा नाही.
मला रांगेचा राग येत होता,
त्या कपाळाचा
येता येत नव्हता.

आंतोनने गोळा हातात घेतला.
"हे काय?"
"पाय."
त्याने तो उलटापालटा केला,
उजेडात धरला.
"डावा?"
"डावा."
मेणाचं एक बाळ सरकवून
त्याने जागा केली, ठेवला.
हसला नाही.
मी मेणाचा वितळणबिंदू सांगणार होतो,
राहून गेलं.
हात जोडले नाहीत मी, खिशात घातले.
नखांत मेण होतं.

पंधरा दिवसांनी आयचा फोन.
"पोचवलास?"
"पोचवला." खोटं नव्हतं.
"गुडघा तसाच आहे रे."
सांगायला लाज वाटते,
पण बरं वाटलं मला.
आकडा बरोबर आला होता.
"पण उजवा खांदा बघ,
वर्षभर हात वर जात नव्हता,
काल माझा मी अंबाडा घातला.
त्याचं तर मी मागितलंच नव्हतं.
तू बोललास काही तिथे?"
"फिजिओथेरपी चालू होती ना तुझी?"
"ती गुडघ्याची,"
आय म्हणाली,
आणि सुकेळी संपली का विचारू लागली.

एसी लावला की अजून
क्षणभर मेणाचा वास येतो.
जाळी बदलायची आहे.
फहाहीलला मिळते, चार दिनारला.
विचारून ठेवलंय.